गाण्याचा सातबारा

'रिमझिम गिरे सावन' आधी किशोरच्या आवाजात ऐकलेली माणसं वेगळी आणि आधी लताच्या आवाजात ऐकलेली वेगळी, हे माझं ठाम मत आहे आणि ते बदलायची माझी अजिबात तयारी नाही. पिक्चर 'मंजिल', १९७९ चा, बासू चटर्जींचा. शब्द योगेशचे, संगीत पंचमचं, म्हणजे आर. डी. बर्मनचं. मुखडा तोच, चाल तीच, अंतरे तेवढे वेगळे. किशोरचं गाणं घरात, लोक जमलेत, अमिताभ पेटी घेऊन बसलाय. लताचं गाणं मात्र मुंबईच्या खऱ्याखुऱ्या पावसात, सुटाबुटातला अमिताभ आणि मौशुमी नखशिखांत भिजतायत, समुद्र उसळतोय, टॅक्स्या पाणी उडवत चालल्यात.

आमच्या भुसावळला मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, कूलरमधूनसुद्धा गरम हवाच येते, दुपारी रस्त्यावर कुत्रं दिसत नाही, अशा वेळी आई टेपवर लताचं लावायची आणि म्हणायची, अंगावर शिंतोडे आल्यासारखं वाटतं बघ. जिभाऊ लगेच तोंड वाकडं करायचे. जिभाऊ म्हणजे माझे मामा, आईचे थोरले भाऊ, रेल्वेत गार्ड होते, पण आख्खी गल्ली त्यांना जिभाऊ म्हणते म्हणून आम्ही पण जिभाऊच म्हणतो. "अवं बाई," ते म्हणायचे, "लताचं गाणं पावसात भिजणाऱ्याचं आहे. भिजतं काय, कोणी पण भिजतं. किशोरचं गाणं पाऊस आठवणाऱ्याचं आहे." मग आई म्हणायची, तुम्ही आयुष्यभर मालगाडीच्या शेवटच्या डब्यात एकटे बसले ना जिभाऊ, म्हणून तुम्हाला आठवणारेच लोक आवडतात. यावर जिभाऊ चहा मागायचे. वाद तिथेच थांबायचा, मिटायचा मात्र नाही.

मला यातली गंमत अशी वाटते की दोघं जण एकाच चालीवर भांडत होते. म्हणजे पंचमनं जमीन एकच दिली, आणि सातबाऱ्यावर दोन नावं लागली. असं हिंदी पिक्चरमध्ये कितीदा तरी झालंय, एकच गाणं हिरोचं वेगळं आणि हिरोइनचं वेगळं. 'एहसान तेरा होगा मुझ पर' रफीचं पण आहे आणि लताचं पण. 'खिलते हैं गुल यहाँ' किशोरचं पण आहे आणि लताचं पण. आणि 'तुम मुझे यूँ भुला ना पाओगे', १९७० चा 'पगला कहीं का', ते लतानं पण गायलंय, आणि काही कमी नाही बरं का त्यात, पण तुम्ही दहा जणांना विचारा, नऊ जण रफीच म्हणतील आणि दहावा म्हणेल, लताचं पण आहे का? तिथे फेरफार एकतर्फी झाला. रफीनं 'भुला ना पाओगे' असं म्हटलं की ते खरंच खरं वाटतं, त्याला काय करणार.

'मेरे नैना सावन भादों'ची तर वेगळीच कथा सांगतात. १९७६ चा 'महबूबा', चाल शिवरंजनीवर बांधलेली, आणि किशोर काही शास्त्रीय शिकलेला माणूस नव्हता, तर तो म्हणे पंचमला म्हणाला की आधी लताचं रेकॉर्ड कर, मी ते ऐकत बसतो आणि मग गातो. तसं झालं म्हणतात. आता हे ऐकल्यावर वाटतं की किशोरचं गाणं लताच्या गाण्याची नक्कल झालं असेल. लावून बघा. स्वर न् स्वर तिच्याकडून घेतला असेल एकवेळ, पण त्या गाण्यात जो एक रात्री घरभर दिवा घेऊन फिरणारा माणूस आहे ना, तो लताच्या गाण्यात कुठेच नाही, तो त्यानं स्वतःच्या घरून आणला. 

किशोरच्या घराचं निघालंच आहे तर सांगतो. आमच्या भुसावळला किशोर परका वाटत नाही, कारण इटारसीकडे जाणाऱ्या गाडीत बसलं की रावेर, बऱ्हाणपूर करत दोनेक तासांत खंडवा. तिथे तो ४ ऑगस्ट १९२९ ला जन्मला, आणि १३ ऑक्टोबर १९८७ ला मुंबईत गेला तरी अंत्यसंस्कार खंडव्यालाच झाले, त्याचीच तशी इच्छा होती. स्टेजवर तो स्वतःला 'किशोरकुमार खंडवेवाला' म्हणायचा. दरवर्षी चार ऑगस्टला लोक समाधीवर दूध-जिलबीचा नैवेद्य दाखवतात कारण म्हातारपणी खंडव्याला जाऊन दूध-जिलबी खात राहीन असं तो म्हणायचा. जिभाऊंचं म्हणणं की खंडवा म्हणजे जवळजवळ खानदेशच, इंग्रजांनी रेघ चुकीची मारली. त्यांची ड्युटी त्या लाइनवर असायची, आणि खंडवा स्टेशनात मालगाडी सिग्नलला उभी राहिली की आपण डब्यातून हात जोडायचो असं ते सांगतात. सिग्नलला उभी राहिली नाही तर? तर चालत्या गाडीतून.

किशोरनं गाणं स्वतःचं कसं केलं? मला विचाराल तर तो गाता गाता बोलायचा. म्हणजे ओळ सुरू होते गाण्यासारखी आणि संपते बोलल्यासारखी, मध्येच हसतो, मध्येच घशात काहीतरी अडकतं, आणि ते ठरवून केलंय असं वाटतच नाही. योडलिंग त्यानं भाऊ अनूपकुमारच्या परदेशी रेकॉर्डी ऐकून उचललं म्हणतात, पण ते त्याच्या तोंडात असं बसलं की आता कोणी दुसऱ्यानं केलं तर आपण म्हणतो हा किशोर करतोय. १९६२ च्या 'हाफ टिकट'मध्ये 'आके सीधी लगी दिल पे' हे द्वंद्वगीत आहे, त्यात बाईचा आवाज लताचा व्हायचा होता, ती येऊ शकली नाही, तर यानं दोन्ही आवाज स्वतःच काढले. सलील चौधरींसारख्या काटेकोर माणसाच्या रेकॉर्डिंगला! आणि 'पडोसन'मधलं 'एक चतुर नार', जिथे समोर मन्ना डे, तालमीतला गळा, आणि हा बिनतालमीचा पठ्ठ्या पिक्चरच्या हिशेबानं त्याला हरवतो. मन्नादांना ते हरणं जड गेलं होतं म्हणतात. जाणारच की.

आता लता. लताचं पण आमच्याकडे आजोळ आहे, हे खूप लोकांना माहीतच नसतं. धुळे जिल्ह्यात शिरपूर तालुक्यात तापीच्या काठी थाळनेर म्हणून गाव आहे, जुना किल्ला आहे, एकेकाळी फारुकी राजांची राजधानी होती. तिथले शेठ हरिदास रामदास लाड हे गुजराती गृहस्थ म्हणजे लताचे आईकडचे आजोबा. दीनानाथांची पहिली बायको नर्मदा ही त्यांचीच मुलगी, ती वारली, मग तिची धाकटी बहीण शेवंती दीनानाथांच्या घरी आली, तीच पुढे माई मंगेशकर. लता लहानपणी आजीकडून गुजराती गरबे शिकली, पावागडचे. म्हणजे तो जो जगातला सगळ्यात गाजलेला आवाज, त्याच्या कानावर पडलेल्या पहिल्यावहिल्या गाण्यांत थाळनेरच्या एका आजीची गाणी आहेत. आम्ही शाळेत असताना हे कोणी सांगितलं नाही, नाहीतर आम्ही शिरपूरवाल्यांशी जरा नीट वागलो असतो.

पण लताच्या बाबतीत माझी पंचाईत अशी होते की तिची खोड सापडत नाही. किशोरची सापडते, मुकेशचं नाक सापडतं, तलतचं थरथरणं सापडतं. लता म्हणजे चाल, बस, दुसरं काही नाही, असं वाटतं. मग आठवतं की सुरुवातीला तिच्या आवाजाला लोकांनी खोटच म्हटलं होतं. १९४८ साली गुलाम हैदर तिला 'शहीद'साठी शशधर मुखर्जींकडे घेऊन गेले, तर ते म्हणाले आवाज फार बारीक आहे. तो जमाना नूरजहाँचा, शमशाद बेगमचा, भरलेल्या जाड आवाजांचा. त्यात ही कोवळी सुरी. गुलाम हैदरांनी हट्टानं त्याच साली 'मजबूर'मध्ये तिला गायला लावलं, आणि पाच-सात वर्षांत असं झालं की बाईचा आवाज म्हणजे बारीकच असं सगळ्या देशाचं मत बनलं. खोडीचंच माप झालं. म्हणून आता ती खोड दिसत नाही.

आणि सातबाऱ्याचाच विषय आहे तर 'महल'. १९४९, खेमचंद प्रकाश, 'आएगा आनेवाला'. गाणं लांबून जवळ येतंय असं वाटावं म्हणून लता माइकपासून लांब उभी राहून गात गात पुढे आली, हे तर सगळ्यांना माहितीये. पण रेकॉर्डीवर नाव काय छापलं होतं? कामिनी. पिक्चरमध्ये मधुबालाच्या पात्राचं नाव! तेव्हा तशीच पद्धत होती, गाणाऱ्याचं नाव कशाला, गाणं पडद्यावरच्या बाईचं. मग रेडिओकडे लोकांची पत्रांवर पत्रं, ही कोण गाते ते सांगा. शेवटी कंपनीकडून नाव मागवून रेडिओवर सांगावं लागलं. मला हा प्रसंग फार आवडतो. पिक्चरच्या कागदावर मालक कामिनी, चाल खेमचंद प्रकाशांची, शब्द नक्शब जारचवींचे, पैसा बॉम्बे टॉकीजचा, आणि घरोघरी बसलेल्या लोकांनी, ज्यांना या कोणाशी काही घेणंदेणं नव्हतं, त्यांनी ठरवलं की हे गाणं त्या न दिसणाऱ्या मुलीचं आहे. वीस वर्षांची होती ती तेव्हा.

तलतबद्दल दोन ओळी लिहिल्याच पाहिजेत, नाहीतर जिभाऊ मला घरात घेणार नाहीत. त्याच्या आवाजात कंप होता, आणि तो त्याला लाजायचा, लपवायचा. अनिल विश्वासांनी त्याला सांगितलं की मला तोच पाहिजे. १९५० च्या 'आरजू'तलं 'ऐ दिल मुझे ऐसी जगह ले चल' ऐका म्हणजे कळेल की तो कंप काढून टाकला असता तर तिथे एक सभ्य माणूस उरला असता फक्त. बेगम अख्तरचं पण तसंच. वरच्या सुरावर जाताना आवाज मध्येच तुटायचा, फाटायचा, आणि ऐकणारे तेवढ्यासाठी टपून बसलेले असायचे. शाळेत गाण्याच्या बाईंनी असा आवाज काढल्यावर हातावर छडी मारली असती. आशाची गोष्ट उलटी. 'उमराव जान'च्या वेळी खय्यामनी तिला नेहमीच्या पट्टीच्या दीड सूर खाली गायला लावलं, ती तयार नव्हती, मग दोन्ही पट्ट्यांत रेकॉर्ड करू आणि बघू असं ठरलं, आणि खालच्या पट्टीतलं ऐकून ती स्वतःच चकित झाली म्हणे. म्हणजे इतकी वर्षं गाऊनसुद्धा गळ्यात एक खोली बंदच राहिलेली असू शकते. 'नभ उतरू आलं'मधली आशा आणि 'इन आँखों की मस्ती'तली आशा एकच बाई आहे यावर माझ्या मुलीचा विश्वास बसत नाही. 'नभ उतरू आलं' १९७७ च्या 'जैत रे जैत'मधलं, शब्द महानोरांचे, आणि महानोरांचं पळसखेड आमच्या जिल्ह्याच्या वेशीलाच लागून, त्यामुळे त्याच्यावर पण आम्ही थोडा हक्क सांगतो. सवय आहे आम्हाला.

आता जरा खालच्या बाजारात येऊ. माझं लहानपण कव्हर व्हर्जनच्या कॅसेटांचं. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी शेवटी आठवडे बाजारात स्वस्त कॅसेट मिळायच्या, वर रफीचा नाहीतर मुकेशचा फोटो, आणि खाली इतक्या बारीक अक्षरात गाणाऱ्याचं नाव की भिंग लागेल. कायद्यात तशी पळवाट होती म्हणून नवीन गायकांकडून जुनी गाणी पुन्हा गाऊन घ्यायची आणि विकायची. घरी आणून लावली की चाल बरोबर, बोल बरोबर, म्युझिक जरा पत्र्यासारखं, आणि पहिल्या ओळीतच आई स्वयंपाकघरातून ओरडायची, हा तो नाहीये! तिला राग कळत नाही, सूर कळत नाही, हार्मोनियमची पांढरी कोणती काळी कोणती ते माहीत नाही. पण एका 'आ'मध्ये कळायचं. मला अजून कळलेलं नाही की माणसाच्या कानात ही सोय कुठे असते.

त्याच जोडीनं ऑर्केस्ट्रा. गणपतीत, नवरात्रात चौकात स्टेज बांधून ऑर्केस्ट्रा व्हायचा आणि निवेदक घसा फोडून सांगायचा, आता येत आहेत व्हॉईस ऑफ मुकेश! आणि मग कोणी एक सडपातळ माणूस यायचा, दिवसा कापडाच्या दुकानात काम करणारा, आणि डोळे मिटून असा गायचा की मागच्या बायका पदर डोळ्याला लावायच्या. या लोकांबद्दल मला आदर आहे, कारण दुसऱ्याच्या आवाजात राहणं सोपं नसतं. आणि त्यातले काही बाहेर पण पडले. कुमार सानू किशोरची गाणी गात गातच पुढे आला, सोनू निगमनं रफीची गाणी गाऊन सुरुवात केली. खुद्द मुकेशचं पहिलं गाजलेलं गाणं, १९४५ चं 'दिल जलता है तो जलने दे', इतकं सैगलसारखं आहे की सैगलचंच वाटतं. सुरुवातीचा किशोर पण सैगलच करायचा. म्हणजे सगळेच कोणाच्या तरी रानात सालदार म्हणून राबले आधी. प्रश्न एवढाच की साल संपल्यावर कोण स्वतःचं रान बघायला गेलं आणि कोण तिथेच राहिलं.

आमच्या वराती पण सोडू नका. खानदेशात लग्नाच्या बँडसोबत माइकवाला गायक असतो, गाडीला भोंगे लावलेले, आणि तो एकटाच लताचं पण म्हणतो आणि किशोरचं पण म्हणतो, आवाज बारीक करून बाईचा, जाड करून बाप्याचा, आणि मधूनमधून "नवरदेवाचे मामा जरा बाजूला व्हा" हे पण त्याच सुरात. 'हाफ टिकट' दर लग्नसराईत. आता त्या जागी डीजे आला, अहिराणी गाणी वाजतात, पोरं दणकून नाचतात, मीही नाचतो. त्यात आवाजाला इतकं मशीन लावलेलं असतं की एका गाण्याचा गायक दुसऱ्या गाण्यात गेला तरी कळणार नाही. मला चीड नाही त्याची, नाचायला ठीक आहे. पण परवा भाच्यानं मोबाइलवर एआयनं बनवलेलं गाणं लावलं, किशोरच्या आवाजात आत्ताच्या पिक्चरचं गाणं, आणि खरं सांगतो, आवाज हुबेहूब. पोरं वा वा करत होती. जिभाऊंनी डोळे मिटून पूर्ण ऐकलं आणि मग म्हणाले, "हा कुठंच चुकी राहिला नाही." पोरांना वाटलं त्यांनी तारीफ केली.

सुमन कल्याणपूरकडे यायला मी मुद्दाम उशीर करतोय, कारण तिच्याबद्दल लिहिताना मला दरवेळी थोडा राग येतो आणि तो कोणावर काढावा कळत नाही. साठच्या दशकात रॉयल्टीवरून लता आणि रफीचं बिनसलं, काही वर्षं दोघं एकत्र गात नव्हते, तेव्हा रफीबरोबर सुमन गायली. 'तुमने पुकारा और हम चले आए', 'ना ना करते प्यार', पुढे 'आजकल तेरे मेरे प्यार के चर्चे'. लोकांनी ही गाणी डोक्यावर घेतली आणि लताच्या नावावर चढवून टाकली. अजूनही 'आजकल तेरे मेरे' लागलं की कोणीतरी म्हणतंच, लता काय गायलीये! सरकारनं पद्मभूषण दिलं ते २०२३ ला, वयाच्या शहाऐंशीला. एवढा तयार गळा, आणि एका दुसऱ्या गळ्याशी साम्य निघालं म्हणून सगळी शेती बेनामी.

पण मराठीत तसं झालं नाही. मराठीत 'केतकीच्या बनी तिथे' सुमनचंच आहे, 'निंबोणीच्या झाडामागे' सुमनचंच आहे, कोणी लता म्हणत नाही. का ते मी पुष्कळदा स्वतःला विचारलंय. मला वाटतं हिंदीत तिला उरलेली जागा भरायला बोलवायचे, आणि मराठीत तिच्यासाठी जागा ठेवून चाली बांधायचे. तिच्या आवाजात एक मागे सरून उभं राहणं आहे, म्हणजे ती तुमच्यासमोर येऊन गात नाही, शेजारच्या खोलीत गाते आणि तुम्हाला ऐकू येतं. अंगाईला असाच आवाज लागतो. लताची अंगाई ऐकताना मूल जागं राहील, ऐकण्यासाठी.

आणि सुमननंच 'अरे संसार संसार' गायलंय, १९६१ च्या 'मानिनी'त, चाल वसंत पवारांची. बहिणाबाईंची ओवी. बहिणाबाई म्हणजे आमच्या जळगावजवळच्या असोद्याच्या, १८८० चा जन्म, लिहिता-वाचता येत नव्हतं, शेतात नि जात्यावर जे सुचलं ते म्हणत गेल्या आणि मुलानं, सोपानदेवांनी आणि घरातल्या एकानं लिहून घेतलं तेवढं वाचलं. ३ डिसेंबर १९५१ ला त्या गेल्या. पुस्तक आलं १९५२ ला, अत्र्यांच्या प्रस्तावनेसह. म्हणजे छापलेलं पुस्तक त्यांनी पाहिलं नाही, आणि सुमनचं गाणं ऐकायचा तर प्रश्नच नाही. आता विद्यापीठाला नाव दिलंय त्यांचं, चांगलंच झालं. पण त्यांचा आवाज कसा होता ते आता कुणालाच ऐकता येणार नाही. त्या 'अरे संसार संसार' कुठल्या चालीत म्हणायच्या? आपल्याला सगळ्यांना ते सुमनच्या चालीतच ऐकू येतं, वाचताना पण. पुस्तक उघडा, मनात पहिल्यांदा तीच वाजते. मालकीणबाईचं नाव वर राहिलं आणि वहिवाट दुसरीची झाली.

आमची आजी, वडिलांची आई, अमळनेरकडची, बोलणं अस्सल अहिराणी. रेडिओवर एकदा हे गाणं लागलं तेव्हा ती शेंगा फोडत बसली होती. पूर्ण ऐकलं. मग म्हणाली, "चांगली म्हनस व, पन घट्यावर कधी बठेल नही दिखस." घट्या म्हणजे जातं. गोड गाते बाई, पण जात्यावर कधी बसलेली दिसत नाही. आम्ही हसलो, पण तिनं नंतर दाखवलंच, शेंगा बाजूला ठेवून, हात गोल फिरवत, त्याच ओळी म्हणून. तिची चाल म्हणजे चाल नव्हतीच फारशी. खुंटा आपल्याकडे ओढताना एक शब्द, पलीकडे ढकलताना दुसरा, आणि फेरा पूर्ण होताना जिथे दम लागतो तिथे श्वास. ओळीत जिथे अर्थ तुटतो तिथे तिचा श्वास नव्हता, हात जिथे थकतो तिथे होता. त्यामुळे शब्द भलत्याच ठिकाणी तुटायचे. आणि ते ऐकल्यावर कळलं की तव्याचे चटके बिटके जे काय त्या ओवीत आहे, ते सांगणारी बाई सांगताना रिकामी बसलेली नाहीये. तिचं काम चालू आहे.

म्हणून सुमनचं खोटं का? मला नाही वाटत. स्टुडिओत जातं आणून ठेवलं असतं तरी काही फरक पडला नसता. पुढे उत्तरा केळकरांनी यशवंत देवांच्या चालींवर बहिणाबाई गायल्या, 'मन वढाय वढाय' वगैरे, त्यात बोलीचा खडबडीतपणा जास्त राखलाय, आणि मला ते मनापासून आवडतं, तरीपण संसाराचं गाणं म्हटलं की सुमनच. कारण ती ते सोसलेल्या बाईसारखं म्हणतच नाही. ती सुनेला समजावणाऱ्या सासूसारखं म्हणते, आणि ती सासू प्रेमळ आहे. बहिणाबाईंच्या शब्दांत तसली सासू आहे की नाही कोणास ठाऊक. सुमनच्या आवाजात आहे.

प्रह्लाद शिंद्यांवर मी वेगळं लिहीन कधीतरी, मुक्ताईच्या पालखीच्या दिवसांत आमच्याकडे पहाटे भोंग्यावर 'पाऊले चालती पंढरीची वाट' लागलं की आधी तो आवाज येतो आणि मग उजाडतं, इतकंच आता सांगतो. त्या गाण्याला कितीजणांनी हात लावून पाहिला, चांगल्या चांगल्या गोड गळ्यांनी. पण त्या बाबाचा आवाज चालून दमलेल्या माणसाचा आहे, आणि गोड गळे रिक्षानं आल्यासारखे वाटतात.

आता ज्या गाण्याला सातबाराच नाही त्याचं. आखाजी म्हणजे अक्षय तृतीया, आमच्याकडे दिवाळीपेक्षा मोठा सण. लेकी माहेरी येतात, गौराई बसते, खापरावरची पुरणपोळी आणि आमरस, गड्यांचं साल संपतं नि नवीन धरलं जातं, बाप्ये उघड उघड पत्ते कुटतात, आणि लिंबाच्या झाडाला झोके बांधून बाया-पोरी गाणी म्हणतात. त्यातलं सगळ्यांना माहीत असलेलं म्हणजे 'आथानी कैरी तथानी कैरी, कैरी झोका खाय वं'. हे कोणी लिहिलं? कोणीच नाही. चाल कोणाची? झोक्याची. पण आमच्या वाड्यात हे गाणं आमच्या आत्याचं आहे. आत्या शिंदखेड्याला दिलेली, दरसाल येते. ती 'कैरी'वर असं काही लांब हेलकावते की झोका वर जाऊन तिथेच थांबलाय असं वाटतं, आणि मग 'झोका खाय वं' एका दमात खाली. इतर बाया नुसता ताल धरतात. गेल्या काही वर्षांत तिचा आवाज चिरकला, वरती पोचत नाही, तर ती आता तिथे गात नाही, नुसती 'हां' असं म्हणते आणि झोका जाऊ देते. आणि सगळ्या बाया तेवढा वेळ गप्प बसतात, तिच्यासाठी जागा सोडतात.

माझी मुलगी पुण्यात शिकते, तिनं हे गाणं यूट्यूबवर ऐकलेलं, म्युझिक बिझिक लावलेलं, व्यवस्थित तालात. यंदा आखाजीला आली होती. झोक्याखाली उभी राहून म्हणाली, आत्याआजी, तू चुकीचं म्हणतेस, तिथे थांबायचं नसतं, ओरिजिनलमध्ये सरळ पुढे जातं. मी म्हटलं, कोणतं ओरिजिनल? तिनं मोबाइल काढला आणि लावला पण. बायांनी ऐकलं, दोघी-तिघींनी माना डोलावल्या. आत्यानं एका पायानं झोका थांबवला, मोबाइलकडे बघितलं, मुलीकडे बघितलं, आणि पाटीवरून उतरली.

"बस," ती म्हणाली. "मंग तू तुन्हं म्हन."